दुशान्बेचा उन्हाळा, आठ आठवड्यांची फारसी

फारसीचं व्याकरण घरी बसून शिकता येतं. नामाला लिंग नाही, क्रियापदालाही नाही. विभक्तीची रूपं पाठ करावी लागत नाहीत. वाक्याची मांडणी मराठीसारखी, क्रियापद शेवटी. एखादं बरं पुस्तक आणि रोज तासभर नेमानं दिला, तर वर्षभरात सोपा मजकूर अडखळत का होईना वाचता येतो. तरीही दरवर्षी जून-ऑगस्टच्या दिवसांत कितीतरी माणसं घरदार सोडून आठ आठवड्यांच्या सघन फारसी वर्गाला जातात. त्याचं कारण व्याकरण नव्हे, कान. पुस्तक ‘मी-रवम’ शिकवतं, म्हणजे ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’. तेहरानचा माणूस ते ‘मीरम’ असं उच्चारतो. ताजिकिस्तानातल्या दुशान्बेचा माणूस ‘मेरवम’ म्हणतो आणि आत्ता या क्षणी निघाला असेल तर ‘रफ्ता इस्तोदाअम’. हे सगळे एकाच क्रियापदाचे प्रकार आहेत हे कागदावर पाच मिनिटांत समजतं. समोरचा भरभर बोलत असताना ते ओळखू यायला मात्र शेकडो तास ऐकावं लागतं, आणि ते तास घरी सहसा मिळत नाहीत.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषाप्रशिक्षण संस्था इंग्रजीभाषकाला फारसी कामापुरती पक्की यायला सुमारे ४४ आठवडे, ११०० तासिका लागतात असं धरते. उन्हाळी वर्गात आठवड्याला साधारण २० तास शिकवणी असते, म्हणजे आठ आठवड्यांचे १६० तास. एकूण गरजेच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास. मराठी माणसाला शब्दसंग्रहाची थोडी सूट मिळते, तरी गणित फार बदलत नाही. म्हणून ‘दोन महिन्यांत फारसी’ अशी आशा धरून जाऊ नये. या काळात काय पदरात पाडून घ्यायचं हे आधी ठरवावं. माझं मत स्पष्ट आहे. जे घरी होतं ते सगळं घरी उरकून जावं आणि तिथले १६० तास, आणि त्याहून जास्त वर्गाबाहेरचे तास, कानासाठी आणि जिभेसाठी राखावेत.

या शिक्षणाची स्वाभाविक जागा तेहरान. तेहरान विद्यापीठाच्या देहखोदा संस्थेशी जोडलेलं परदेशी विद्यार्थ्यांचं केंद्र तिथे वर्षानुवर्षं वर्ग घेत आलं आहे. पण व्हिसाची अनिश्चितता, राजकीय ताण आणि निर्बंधांमुळे परदेशी बँक कार्ड न चालणं, यामुळे अनेकांना तो रस्ता बंद असतो. अशांतले बरेच जण ताजिकिस्तानच्या राजधानीत, दुशान्बेला जातात. अमेरिकी सरकारची क्रिटिकल लँग्वेज स्कॉलरशिप ही उन्हाळी योजनाही फारसीसाठी तिथेच चालत आली आहे. ती फक्त अमेरिकी नागरिकांसाठी आहे. तिकडे वाढलेल्या मराठी घरांतल्या मुलांनी ती जरूर पाहावी, कारण निवड झाल्यास प्रवास, राहणं आणि शिकवणी यांचा खर्च योजनाच उचलते.

दुशान्बेची गंमत आणि अडचण एकच आहे. वर्गात इराणची फारसी, अरबी वळणाच्या लिपीत. रस्त्यावर ताजिक, तीही सिरिलिक लिपीत. ताजिक ही फारसीचीच मध्य आशियाई शाखा. सोव्हिएत काळात आधी, १९२० च्या दशकाच्या शेवटी, तिला लॅटिन लिपी दिली गेली आणि १९४० च्या सुमारास सिरिलिक. त्यामुळे दुकानाची पाटी, बसचा फलक, औषधाचं वेष्टन, सगळं रशियन वळणाच्या अक्षरांत. वर्गात शिकलेली लिपी शहरात जवळजवळ कुठेच दिसत नाही. बरेच विद्यार्थी यावर चिडतात आणि ताजिककडे पाठ फिरवून वर्गातली फारसीच खरी असं धरून बसतात. हा सर्वांत महागात पडणारा निर्णय. दिवसाचे चार तास वर्ग आणि बारा तास शहर असताना त्या बारा तासांना नकार दिला तर आलो कशाला?

खरं तर मराठी कानाला दुशान्बे तेहरानपेक्षा जवळचं आहे. मध्ययुगात दख्खनेत आलेली फारसी जुन्या उच्चारांची होती, आणि ते उच्चार ताजिकनं बऱ्याच अंशी टिकवले, तेहराननं सोडले. आपण हप्ता, ताजा, पंजा असा शेवट ‘आ’नं करतो. ताजिकमध्येही शेवट ‘अ’कडे राहतो, तेहरानमध्ये मात्र ‘हफ्ते’, ‘ताजे’ होतं. सिंहाला आपल्याकडे आणि ताजिकमध्ये ‘शेर’ आहे, दूध ‘शीर’. तेहरानमध्ये दोन्ही ‘शीर’. आपल्या ‘रोज’, ‘जोर’, ‘दोस्त’ यांतला ओकार तेहरानमध्ये स्वच्छ ऊकार झाला आहे, तर ताजिक उच्चार ओ आणि ऊ यांच्या मधला राहिला आहे. ‘काफ’ आणि ‘गैन’ हे घशातले दोन वर्ण तेहरानच्या बोलण्यात एकमेकांत मिसळले, ताजिकमध्ये ते वेगळे ऐकू येतात. उलट एका बाबतीत ताजिक आपल्यापासून लांब गेली. तिथे दीर्घ ‘आ’चा ‘ओ’ होतो, म्हणून किताब ‘कितोब’, बाजार ‘बोजोर’, नान ‘नोन’. तेहरानच्या बोलीत तोच नान ‘नून’ आणि खाने ‘खूने’. हा बदल नियमानं होतो. पहिल्या आठवड्यात वहीच्या एका पानावर तीन रकाने आखून रोजचे पन्नासएक शब्द तिन्ही रूपांत लिहावेत: लेखी, तेहरानी, ताजिक. दहाव्या दिवसापासून कान आपोआप रूपांतर करू लागतो.

जिथे नियम चालत नाही तिथे मात्र पाठांतरच. ‘मोठा’ इराणात ‘बोजोर्ग’, दुशान्बेत ‘कलोन’. खिडकी तिकडे ‘पंजरे’, इकडे ‘तिरेजा’. ‘उद्या’ तिकडे ‘फर्दा’, इकडे बोलताना ‘पगोह’. फोटो काढायला तिकडे ‘अक्स’, इकडे ‘सुरत’. बटाटा इराणात ‘सीबजमीनी’, म्हणजे शब्दशः जमिनीतलं सफरचंद, तर दुशान्बेच्या बाजारात थेट रशियन ‘कार्तोश्का’, आणि टोमॅटो ‘पोमिदोर’. ‘होजिर’ म्हणजे ताजिकमध्ये ‘आत्ता’. आपला ‘हजर’ तोच असला तरी त्या अर्थानं ऐकला तर वाक्याचा पार गोंधळ होतो. ‘ओश’ हा तिथला मटण-गाजराचा पुलाव, इराणचा ‘आश’ म्हणजे दाट सूप. असे दीड-दोनशे शब्द आहेत, त्याहून फार नाहीत.

आता जाण्यापूर्वीची तयारी. आठ आठवडे आधी सुरुवात करावी. फारसी लिपीत ३२ अक्षरं: अरबीची २८ आणि पे, चे, झे, गाफ ही चार जादा. पुढच्या अक्षराला न जोडली जाणारी अक्षरं सात: अलिफ, दाल, जाल, रे, जे, झे, वाव. ही सात हातात बसली की वाचनातली अर्धी अडचण संपते, कारण शब्दाच्या मधे फट का पडली ते कळू लागतं. ऱ्हस्व स्वर लिहिले जात नाहीत. त्यामुळे शब्द डोळ्यांनी शिकण्याआधी कानांनी शिकावा लागतो. ‘जमीन’मधल्या ‘ज’च्या उच्चाराला चार अक्षरं आहेत, ‘स’ला तीन, ‘त’ला दोन, ‘ह’ला दोन. यातलं कुठलं कुठे हे ऐकून कळत नाही, लिहून लिहूनच बसतं. लिपीला दोन आठवडे, रोज चाळीस मिनिटं, आणि सगळं हातानं. फोनच्या कळफलकावर शिकलेली लिपी श्रुतलेखनाच्या तासाला दगा देते. त्यानंतर एक आठवडा ताजिक सिरिलिकसाठी. तिथे ३५ अक्षरं आहेत, रशियनपेक्षा सहा वेगळी. वाचायला सोपी, कारण स्वर लिहिलेले असतात. लिपीविना गेलेल्या विद्यार्थ्याचे पहिले दोन आठवडे अक्षरांतच जातात आणि तोवर वर्ग पुढे निघून गेलेला असतो.

उरलेल्या पाच आठवड्यांत क्रियापदं. फारसी क्रियापदाला दोन धातू असतात, एक भूतकाळाचा आणि एक वर्तमानाचा. भूतकाळाचा मूळ रूपावरून काढता येतो, वर्तमानाचा नेहमीच्या क्रियापदांत बहुधा पाठ करावा लागतो. सगळे विद्यार्थी इथे घाम गाळतात. मराठी माणसाच्या तोंडात मात्र यातले कितीतरी आधीपासून आहेत. ‘नेवेश्तन’ म्हणजे लिहिणं, वर्तमानाचा धातू ‘नेवीस’: चिटणीस, फडणीस. ‘दीदन’ म्हणजे पाहणं, धातू ‘बीन’: दुर्बीण. ‘दाश्तन’, बाळगणं, धातू ‘दार’: फौजदार, हवालदार. ‘अंदाख्तन’, फेकणं, धातू ‘अंदाज’: तिरंदाज, गोलंदाज. ‘गेरेफ्तन’, घेणं, धातू ‘गीर’: जहागीर, दिलगीर. ‘शोमोर्दन’, मोजणं, धातू ‘शोमार’: खानेसुमारी आणि बेसुमार. ‘बस्तन’ म्हणजे बांधणं, त्याचे दोन्ही धातू एकाच शब्दात शेजारी बसले आहेत: बंद-ओ-बस्त. ‘गोफ्तन’चे दोन्ही ‘गुफ्तगू’त. अशी यादी स्वतः करावी. दीडशे क्रियापदांपैकी तीस-पस्तीस तरी अशा खुंटीला अडकवता येतात, आणि ती नेमकी सर्वांत जास्त लागणारी असतात.

शब्दांच्या ओळखीचा दुसरा पैलूही आधीच समजून घ्यावा. आपण घेतलेल्या फारसी शब्दांचे अर्थ आपल्याकडे सरकले आहेत. ‘तारीख’ तिकडे इतिहासही, ‘दस्तूर’ व्याकरणही. ‘तमाशा’ म्हणजे नुसतं पाहणं, टीव्हीसुद्धा ‘तमाशा’ करतात. ‘खूब’ म्हणजे चांगलं, पुष्कळ नव्हे. ‘बाजू’ म्हणजे दंड, ‘दरवाजे’ म्हणजे वेस किंवा मोठं फाटक, घराचं दार नुसतं ‘दर’. ‘मेहनत’ इराणात दुःख-कष्ट, ताजिकिस्तानात मात्र काम, मजुरी, आपल्या जवळ. ओळखीचा शब्द दिसला की एकदा कोशात पाहायचाच, ही सवय लावून घ्यावी. अनोळखी शब्द विद्यार्थ्याला थांबवतो, ओळखीचा शब्द न थांबवता चुकीच्या अर्थाकडे नेतो.

वाक्यरचनेत मराठी माणसाच्या ठरलेल्या चुका तीन. पहिली ‘ला’ची. फारसीतला ‘रा’ हा आपल्या ‘ला’सारखा दिसतो, पण तो फक्त ठरावीक, निश्चित कर्माला लागतो. ‘मला दे’ म्हणताना ‘मन-रा’ म्हणायचं नसतं, ‘बे मन बेदे’. दुसरी चूक ‘मला पाहिजे’, ‘मला जायचंय’ या घडणीची. फारसीत हवं असणारा माणूस सरळ कर्ता असतो: ‘मी-ख्वाहम बेरवम’, बोलीत ‘मीखाम बेरम’. दुसरं क्रियापदही त्याच माणसाचं रूप घेऊन येतं, ‘जायला’सारखं एक ठोकळ रूप चालत नाही. तिसरी भूतकाळाची. ‘मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली’ असं कर्माप्रमाणे क्रियापद बदलायची आपली सवय इथे पूर्ण सोडायची. मी काहीही खाल्लं तरी ‘खोर्दम’. याच्या बदल्यात दोन गोष्टी आयत्या मिळतात. ‘सुरू करणं’, ‘माफ करणं’, ‘खर्च करणं’ ही ‘कर्दन’ लावून तशीच्या तशी होतात. आणि ‘तो म्हणाला की’ मधला ‘की’ हा त्यांचाच ‘के’ आहे, त्याच जागी, त्याच कामासाठी.

वर्गाचा दिवस साधारण असा असतो. सकाळी नऊ ते एक शिकवणी, मधे दोन छोट्या सुट्ट्या: व्याकरण, वाचन, संभाषण, बातम्या ऐकणं. गट लहान, बहुधा चार-सहा जणांचा. घरी तीन-चार तासांचा अभ्यास दिलेला असतो. शिवाय आठवड्यातून काही तास भाषासोबत्याबरोबर, म्हणजे तिथल्याच एखाद्या विद्यार्थ्याबरोबर, फक्त बोलण्यासाठी. राहायला स्थानिक कुटुंब. अनेक ठिकाणी भाषेची शपथ घेतात, म्हणजे ठरलेल्या काळात दुसरी भाषा बोलायची नाही. पूर्ण दिवसाची शपथ सुरुवातीला मोडतेच, आणि एकदा मोडली की माणूस ती कायमची सोडतो. त्यापेक्षा जागेची शपथ टिकते: शाळेच्या फाटकाच्या आत आणि घरी जेवायला अंथरलेल्या दस्तरखानाभोवती फक्त फारसी. चौथ्या आठवड्यापासून ती रस्त्यावर न्यायची.

अभ्यासाचा क्रम उन्हाच्या हिशेबानं लावावा. जूनच्या शेवटापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच्या कडक उन्हाळ्याला तिथे ‘चिल्ला’ म्हणतात, चाळीस दिवसांचा. पारा ४० च्या आसपास जातो. समुद्रसपाटीपासून शहर सुमारे ८०० मीटरवर आहे, हवा कोरडी, त्यामुळे घाम दिसत नाही आणि पाणी कमी पडलेलं कळत नाही. एक ते चार या वेळात डोकं चालत नाही. तेव्हा झोपावं, नाहीतर नुसतं ऐकावं. लेखी अभ्यास चार ते साडेसहा. सूर्य कलला की शहर बाहेर पडतं, रुदाकी मार्गावरच्या झाडांखाली आणि बागेत माणसंच माणसं असतात. भाषासोबत्याची वेळ तेव्हाची ठेवावी. रात्री जेवणानंतर तासभर घरच्यांत बसावं. झोपेआधी वीस मिनिटं उजळणी, त्याहून जास्त नको.

शब्द किती? वर्गातून रोज पन्नास-साठ नवे शब्द अंगावर येतात. सगळे पाठ करायचा हट्ट धरणारा विद्यार्थी तिसऱ्या आठवड्यात कोसळतो. रोज पंचवीस शब्द निवडावेत, जे स्वतःला बोलताना लागतील. बाकीचे समोर आले तर ओळखता आले म्हणजे पुरे. पंचवीस गुणिले पाच दिवस गुणिले आठ आठवडे, हजार शब्द होतात. हजार शब्द तोंडात असणं ही मोठी कमाई आहे. उजळणीच्या कार्डावर सुटा शब्द कधीच लिहू नये, पाच-सहा शब्दांचं वाक्य लिहावं आणि ते कुणा स्थानिक माणसाच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून घ्यावं. न ऐकलेला शब्द वाचताना आठवतो, बोलताना आठवत नाही.

सर्वांत उपयोगी पडणारा एक सराव जरा तपशिलात सांगते. दिवसातल्या एखाद्या प्रसंगावर, बाजारात काय घेतलं, वर्गात काय वाचलं, तीन मिनिटं न थांबता बोलायचं आणि ते रेकॉर्ड करायचं. मग स्वतःचंच बोलणं जसंच्या तसं फारसी लिपीत उतरवून काढायचं, चुकांसकट, अडखळण्यासकट. याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. दुसऱ्या दिवशी शिक्षकांकडून फक्त चुकांखाली रेघ मारून घ्यायची, दुरुस्ती स्वतः करायची, आणि तीच तीन मिनिटं पुन्हा बोलायची. यात चार गोष्टी एकदम होतात: बोलणं, ऐकणं, लिहिणं आणि आपली ठरलेली चूक ओळखणं. दोन आठवड्यांत दिसतं की चुका विखुरलेल्या नसतात, चार-पाचच असतात आणि त्याच परत परत येतात. एकाचा ‘रा’ सुटतो, दुसऱ्याचा दोन शब्द जोडणारा संबंधदर्शक ‘ए’. त्या चार-पाच गेल्या की बोलणं एकदम स्वच्छ वाटू लागतं.

उच्चारांत ‘ख’कडे लक्ष द्यावं. फारसीतला ‘ख’ महाप्राण नाही, घशातून घासत येतो. मराठी ‘ख’ वापरला तर समोरच्याला ‘क’ ऐकू येतो. ‘ज’ आपल्याला सोपा, कारण ‘जमीन’, ‘जोर’मधला ‘ज’ आपण जवळपास तसाच म्हणतो. जीभ दातांना न टेकवता तोच आवाज काढला की झालं.

कुटुंबाच्या घरी राहण्याबद्दल. घरात कोणती भाषा चालते हे आधी विचारून घ्यावं. काही घरांत उझ्बेक किंवा रशियन जास्त बोलतात, आणि मग संध्याकाळचे सगळे तास वाया जातात. लहान मुलं असलेलं घर मिळालं तर उत्तम. मुलं एकच वाक्य दहा वेळा न कंटाळता म्हणतात आणि चूक झाली की लगेच सांगतात, मोठी माणसं पाहुण्याची चूक सुधारायला संकोचतात. नमस्कारासाठी उजवा हात छातीवर. बूट दाराशी. नोन, म्हणजे गोल रोटी, कधीही पालथी ठेवायची नाही आणि सुरीनं कापायची नाही, हातानं मोडतात. चहा हिरवा, दूध-साखरेविना. पहिला चहा पियालीत ओतून परत चहादाणीत टाकतात, असं तीनदा, मग वाढतात. पियाली अर्धीच भरली तर तो मान समजावा, कारण पुन्हा पुन्हा वाढता यावं म्हणून ती अर्धी ठेवतात. जेवणानंतर घरातलं वडीलधारं माणूस दुआ म्हणतं, तेव्हा सगळे हात उघडे धरतात. त्या वेळी उठू नये.

शाकाहारी असाल तर अडचण खरी आहे, पण सुटणारी आहे. ‘कुरुतोब’ हा तिथला स्वतःचा पदार्थ: वाळवलेल्या दह्याचे गोळे पाण्यात विरघळवायचे, त्यात पापुद्रे सुटणाऱ्या फतिर रोटीचे तुकडे भिजवायचे, वर तेलात परतलेला कांदा, टोमॅटो, काकडी, कोथिंबीर. लाकडी परातीत येतो आणि बहुतेक ठिकाणी बिनमांसाचा मिळतो. भोपळ्याचा समोसाही मिळतो. पण नुसतं ‘गुश्त नदोरद?’, मांस नाही ना, एवढं विचारून भागत नाही. फतिरच्या पिठात किंवा समोशाच्या सारणात ‘दुंबा’, म्हणजे मेंढीच्या शेपटीची चरबी असू शकते आणि तिथल्या माणसाच्या लेखी ती मांसात मोडत नाही. वेगळं नाव घेऊन विचारावं. पोट पहिल्या दोन आठवड्यांत बहुतेकांचं बिघडतं. नळाचं पाणी, बर्फ, कापून ठेवलेलं कलिंगड-खरबूज आणि तेलकट ओशवर गार पाणी, ही नेहमीची कारणं. तिथली माणसं स्वतः ओशबरोबर गरम हिरवा चहाच घेतात, तेच करावं. जलसंजीवनीची पाकिटं इथूनच न्यावीत.

आणि हिंदी. ही गोष्ट भारतीय माणसानं गांभीर्यानं घ्यावी. दुशान्बेच्या अविसेन्ना वैद्यकीय विद्यापीठात भारतीय विद्यार्थी पुष्कळ आहेत, आणि तिथल्या सामान्य माणसाला हिंदी सिनेमाचं मनापासून प्रेम आहे. टॅक्सीत बसलात आणि भारतातून आलो म्हणालात की गाणी सुरू होतात. पुढचा सगळा संवाद हिंदीच्या तुकड्यांत होऊ पाहतो. प्रेमानं केलेलं असतं, झिडकारू नये, पण उत्तर फारसीतच द्यावं आणि सिनेमाबद्दलच फारसीत बोलावं. हा विषय सोन्यासारखा आहे: समोरच्याला रस असतो, भूतकाळात गोष्ट सांगावी लागते, नट-नट्यांचं वर्णन करावं लागतं.

चौथा आठवडा बहुतेकांना अवघड जातो. येणारे शब्द आठवेनासे होतात, ऐकताना डोकं दुखतं, तेहरानी आणि ताजिक रूपं एकाच वाक्यात येऊ लागतात. प्रगती थांबली असं वाटतं. प्रत्यक्षात या वेळी पाठ केलेली वाक्यं सोडून माणूस स्वतःची वाक्यं जुळवू लागलेला असतो, म्हणून वेग घटतो आणि चुका वाढतात. या आठवड्याच्या शेवटी दोन दिवस एकही नवा शब्द घेऊ नये. शहराच्या उत्तरेला वर्झोब नदीची दरी आहे, तिथे पाण्यावर टाकलेल्या बाजांवर बसून लोक दिवस काढतात. नाहीतर पश्चिमेला हिसारचा किल्ला. जावं, ऐकत बसावं, बोलणं सुचलं तर बोलावं. मिसळलेल्या रूपांची मात्र व्यवस्था लावायची. वर्गात आणि लेखनात तेहरानी-लेखी रूपं, बाहेर ताजिक, असा नियम धरला की सहाव्या आठवड्यापर्यंत दोन्ही आपापल्या जागी बसतात.

शेवटी बहुधा तोंडी परीक्षा असते. अमेरिकी योजनांत ती अॅक्टफल या तिथल्या भाषाशिक्षण संघटनेच्या पद्धतीची, वीस ते तीस मिनिटांची मुलाखत. परीक्षक पातळी चढवत नेतो आणि तुम्ही कुठे ढासळता ते पाहतो. म्हणजे ढासळणं हा परीक्षेचाच भाग आहे, घाबरू नये. वरची श्रेणी मिळायला नुसती वाक्यं पुरत नाहीत, सलग परिच्छेदात घडून गेलेली, चालू असलेली आणि पुढची गोष्ट सांगता यावी लागते. रोजच्या तीन मिनिटांच्या रेकॉर्डिंगची तयारी नेमकी इथे कामी येते.

महाराष्ट्रातून फारसीकडे वळणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा हेतू बोलण्याचा नसतो. त्यांना आदिलशाही फर्मानं, मोगल अखबार, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आणि इतरत्र पडून असलेले कागद वाचायचे असतात. ग. ह. खरे आणि सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधनं मराठीत आणण्याचं जे काम केलं, ते पुढे नेणारी माणसं आज फार थोडी आहेत, आणि ती वाढावीत असं मला मनापासून वाटतं. त्यांच्यासाठी सांगायचं तर उन्हाळी वर्गात शिकस्ता हे धावतं, नुक्ते म्हणजे अक्षरांची टिंबं गाळणारं वळण शिकवत नाहीत. हिशेबातले सियाक आकडेही नाहीत. ते नंतर वेगळं, कागद समोर ठेवूनच शिकावं लागतं. तरीही मी त्यांना आठ आठवडे बोलणाऱ्यांत राहून या असंच सांगेन. फारसीत दोन शब्द जोडणारा ‘ए’ लिहिला जात नाही. फर्मानात पंधरा-वीस शब्दांची पदव्यांची माळ येते, आणि कुठे ‘ए’ आहे, कुठे शब्दसमूह संपला, हे वाचणाऱ्यानं मनात म्हणून ठरवायचं असतं. एक ‘ए’ चुकीच्या जागी पडला की देणारा कोण आणि घेणारा कोण हेच उलटतं. ही जाण ज्यानं हजारो वाक्यं ऐकली आहेत त्याच्या कानात असते. शिवाय नुक्ते नसलेला शब्द ओळखायला ‘इथे काय यायला हवं’ याचा अंदाज लागतो, तोही ऐकण्यातूनच येतो.

परतल्यावर कमावलेलं लवकर ओसरतं, आणि सर्वांत आधी बोलणं जातं. निघण्यापूर्वीच भाषासोबत्याशी आठवड्यातले दोन दिवस आणि वेळ पक्की करून यावं, प्रत्येकी पाऊण तास, पैसे ठरवून. फुकटचा शब्द दोन्हीकडून महिन्याभरात सुटतो. रोज पंधरा मिनिटं बीबीसी फारसीच्या बातम्या, आधी ऐकून, मग तीच बातमी वाचून. कवितेसाठी गंजूर हे संकेतस्थळ, जिथे बऱ्याच रचनांचं वाचनही ऐकता येतं. दिवसाला दोन-चार ओळी, मोठ्यानं. ताजिक सुटू द्यायची नसेल तर घरच्यांना व्हॉइस मेसेज पाठवत राहावं, ती माणसं हमखास उत्तर देतात. वेळेचा हिशेब सोपा आहे. दुशान्बेचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आणि तेहरानचं दोन तास. रात्री नऊला फोन लावला तर दुशान्बेत साडेआठ झालेले असतात, जेवणं उरकून चहा सुरू असतो. तेहरानला मात्र सातच वाजलेले असतात आणि लोक अजून रस्त्यात असतात, तिकडचा फोन साडेदहाला ठेवावा.